तारीख उलटली, टेस्ट निगेटिव्ह. मग पाळी अडली कुठे?

प्रश्न : माझं वय 24. मूळची नांदेड जिल्ह्यातली, राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. पाळी आधी तीस-बत्तीस दिवसांनी यायची. आता शेवटच्या पाळीला अडीच महिने होत आले. आई म्हणते, पुण्याचं पाणी मानवलं नाही. रूममेट म्हणते, टेन्शनने होतं, तिचीही लांबते. लग्न झालेलं नाही, तरी गुपचूप घरी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ‘पाळी यायच्या’ पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत, अजून घेतलेल्या नाहीत. बाकी आजार काही नाही. जागरणाने पित्त होतं म्हणून सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेते, तेवढंच. मला पडलेला प्रश्न असा, की परीक्षा तर डोक्यात असते, ती पोटातल्या गर्भाशयाला कळते कशी? आणि त्या गोळ्या घेऊ की नको?

उत्तर : गोळ्या घेतल्या नाहीस हे बरं केलंस, त्या तशाच राहू देत. (वयाने माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.)

परीक्षा गर्भाशयाला कळतच नाही. या सगळ्या कारभारात गर्भाशय शेवटच्या टोकाला बसलेलं असतं. वरून निरोप येईल तसं वागायचं, एवढंच त्याच्या हाती. निरोप निघतो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागातून. तिथून एक हॉर्मोन थांबून थांबून सुटतं, पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तासा-दीड तासाला एकदा. त्या तालावर खालची पियूषिका ग्रंथी आपली दोन हॉर्मोन्स रक्तात सोडते, ती बीजकोशात पोहोचतात आणि एक बीज पिकायला लागतं. त्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात, त्यावर गर्भाशयाचं अस्तर वाढतं. बीज सुटलं की त्याच जागी प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं आणि ते अस्तराला धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर चौदाएक दिवसांत प्रोजेस्टेरॉन ओसरतं, अस्तर सुटतं, पाळी येते.

म्हणजे पाळीची तारीख ठरते बीज कधी सुटलं यावरून. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस फारसे हलत नाहीत, हलतात ते त्याच्या आधीचे. तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या मुलीचं बीज सोळाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. नेमकी त्याच आठवड्यात पूर्वपरीक्षा आली, झोप गेली, आणि बीज तिसाव्या दिवशी सुटलं, तर पाळी चव्वेचाळिसाव्या दिवशी. ‘पाळी चुकली’ असं आपण ज्या दिवशी म्हणतो, त्याच्या पंधरा दिवस आधीच जे बिनसायचं ते बिनसलेलं असतं. आणि बीज सुटलंच नाही, तर मग तारखा मोजण्यात अर्थ उरत नाही.

हायपोथॅलॅमसला अभ्यासक्रमाशी काही देणंघेणं नाही. त्याला ताणाची हॉर्मोन्स कळतात, आणि अंगात शिल्लक किती आहे ते कळतं. हा दुसरा हिशेब चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या लेप्टिनमार्फत होतो. लेप्टिनचा शोध 1994 सालचा, म्हणजे तसा अलीकडचाच. शिल्लक कमी पडली की गर्भारपण परवडणार नाही असं धरून वरचा निरोप मंदावतो. लांब पल्ल्याच्या धावपटू मुली, जिम्नॅस्ट, अट्टल डाएट करणाऱ्या मुली यांची पाळी थांबते ती याच वाटेने. तुझ्या पत्रात जेवणाचं अक्षरही नाही, म्हणून विचारते : मेसचा एक डबा दोघींत चालतो का? रात्रीचं जेवण चहा-बिस्किटावर निघतं का? घरून निघालीस तेव्हा वजन किती होतं आणि आता किती? पाच-सहा किलो उतरले असतील तर पुण्याच्या पाण्याला दोष देऊ नकोस. आईचं निरीक्षण मात्र अगदीच चुकीचं नाही. घर सोडून वसतिगृहात आलेल्या कितीतरी मुलींची पाळी पहिले काही महिने पुढेमागे होते. बदललेली झोप आणि बदललेलं ताट त्यामागे असतं.

इतकं सांगूनही, तुझ्या बाबतीत सगळं खापर परीक्षेवर फोडायला मी तयार नाही. अडले ते तुझ्या पत्रातल्या ‘तेवढंच’ या शब्दापाशी. ती पित्ताची कॅप्सूल.

आत्ता स्ट्रिप हातात घे आणि उलटी कर. मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक टाइपात घटक छापलेले असतात. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असेल, ते आम्ल कमी करणारं औषध. त्याच्या जोडीला ‘डॉमपेरिडोन’ किंवा ‘लेव्होसल्पिराइड’ लिहिलं आहे का ते बघ. आपल्याकडे पित्ताच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये अशी जोडी असते. मळमळ थांबावी, पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून ती घातलेली असते. पण हीच दोन औषधं पियूषिकेतलं प्रोलॅक्टिन वाढवतात. प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारं हॉर्मोन. बाळंतिणीत ते वाढलेलं असतं आणि तिची पाळी थांबलेली असते. तोच प्रकार कॅप्सूलमुळे बिनबाळंतिणीत होतो : वरचा निरोप दबतो, बीज पिकत नाही, पाळी येत नाही. कधी स्तनाग्र दाबल्यावर दुधासारखे दोन थेंबही दिसतात, आणि मुलगी भीतीने कोणाला सांगत नाही.

ही जोडी तुझ्या स्ट्रिपवर असेल, तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारून नुसत्या आम्लाच्या गोळीवर ये. कोणीच लिहून दिली नसेल, दुकानातून आपणच आणली असशील, तर सरळ बंद कर. प्रोलॅक्टिन बहुधा काही दिवसांत उतरतं, पाळीला काही आठवडे लागतात. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन चढतं, पण ती कोणीही आपल्या मनाने थांबवायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, ते औषध बदलू शकतात.

आता मेडिकलवाल्याच्या गोळ्या. त्या बहुतेक नॉरएथिस्टेरॉनच्या किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या असतील, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचे कृत्रिम भाऊबंद. गंमत बघ. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला बायका दुकानातून नेतात तीही नॉरएथिस्टेरॉनच. चालू असेपर्यंत ती अस्तर धरून ठेवते आणि बंद केली की अस्तर सुटतं. एकच गोळी पाळी लांबवते आणि आणते, फरक फक्त केव्हा थांबवली याचा. तुला पाच दिवसांचा कोर्स संपल्यावर आठवड्याभरात रक्तस्राव होईलही. पण तेवढ्यानं बीज सुटलं असं होत नाही. प्रोलॅक्टिन तिथेच, थायरॉइड तिथेच, वजन तिथेच. तुझं मात्र समाधान होईल आणि तू डॉक्टरांकडे जाणं तीन महिने पुढे ढकलशील. माझा राग त्या गोळीवर नाही. आम्हीही ती देतो, कधी तपासणीचा भाग म्हणूनच देतो : स्राव झाला तर अंगात इस्ट्रोजेन आहे आणि वाट मोकळी आहे एवढं कळतं. राग आहे तो कारण न विचारता ती काउंटरवरून सरकवण्यावर.

पाळी लांबली की ‘दिवस गेलेत का’ हे बघायला गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वी चांगलीच फोफावली होती. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन मोठ्या मात्रेत असायचं, आणि गर्भ असलाच तर त्याला अपाय होईल ही धास्ती. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लढा दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 1988 साली त्या जास्त मात्रेच्या मिश्रणांवर बंदी आली. गोळी बदलली, काउंटरवरची सवय काही गेली नाही.

टेस्ट का केलीस हे मी विचारणार नाही. केलीस ते योग्यच. लघवीतली ही टेस्ट खात्रीची केव्हा, तर शेवटच्या संबंधाला तीन आठवडे होऊन गेले असतील तेव्हा. त्याआधी केली असशील तर सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा कर. पॉझिटिव्ह आलीच, तर इंटरनेटवर वाचून किंवा मैत्रिणीने आणून दिलेल्या गर्भपाताच्या गोळ्या खोलीवर बसून घेऊ नकोस. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर जिवाशी गाठ पडते. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. अविवाहित स्त्रीला त्यात वेगळं काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नियमित पाळी असणाऱ्या बाईने तीन महिने आणि मुळातच अनियमित असणारीने सहा महिने, याच्या पुढे थांबू नये, असा पुस्तकी नियम आहे. तू अडीच महिन्यांवर आहेस, चार दिवसांत कोणाला तरी दाखव. पैशाची अडचण असेल तर ससून आहे, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. जाताना शेवटच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, वजनाचा आकडा आणि ती कॅप्सूलची स्ट्रिप घेऊन जा. रक्ताच्या थोड्याच तपासण्या लागतात : गर्भारपणाची, थायरॉइडची, प्रोलॅक्टिनची, बीजकोशाचं काम सांगणाऱ्या एफएसएचची. सुई टोचायच्या भीतीनेही प्रोलॅक्टिन जरा चढतं, तेव्हा किंचित वाढलेल्या आकड्याने घाबरून लगेच एमआरआयला पळू नकोस. निवांत बसून ती तपासणी पुन्हा करता येते.

सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ असं लिहून आलं तर तेवढ्यावर शिक्का मारून घेऊ नकोस. हा विकार शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये मांडला, तेव्हापासून त्याच्या व्याख्येवर वाद चालू आहेत. 2003 पासून सर्वसाधारणपणे मानतात ते असं : लांबणारी पाळी, पुरुषी हॉर्मोनची लक्षणं (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरमं) किंवा रक्तात त्याची वाढ, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हीपैकी दोन हवीत. तरण्या मुलींच्या बीजकोशात बारीक बारीक फोड दिसणं सर्रास आहे. खरोखर पीसीओडी असेल तर मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ पाळीविना जाऊ द्यायचा नाही. तिथे इस्ट्रोजेन असतं, अस्तर वाढत राहतं, प्रोजेस्टेरॉन नसल्याने ते वेळेवर सुटत नाही, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा वेळी तीच प्रोजेस्टेरॉनची गोळी उपचार ठरते.

आणखी एक कारण आपल्या देशात विसरून चालत नाही : गर्भाशयाचा क्षयरोग. खोकला नसतो, ताप असतोच असं नाही. पाळी हळूहळू कमी होत बंद पडते आणि पुढे मूल राहत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा कळतं. घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांग.

थांबायचंच नाही अशा वेळा थोड्या आहेत. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, घेरी येतेय, खांद्यात कळ येतेय : रात्र असली तरी रिक्षा कर आणि मोठं रुग्णालय गाठ, टेस्ट निगेटिव्ह आली असली तरीसुद्धा. डोकेदुखीबरोबर दोन्ही कडांचं दिसेनासं होत असेल, किंवा दोन-तीन महिन्यांत आवाज घोगरा होऊन चेहऱ्यावर भराभर केस आले असतील, तर त्याच आठवड्यात दाखव.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणानंतर उपकेंद्रात ‘अंतरा’ इंजेक्शन घेते. तीन इंजेक्शनं झाली, पाळी बंदच आहे. सासूबाई म्हणतात, घाण रक्त आत साठतंय. खरं का?

उत्तर : नाही. साठायला आत काही तयारच होत नाही. हे इंजेक्शन बीज सुटू देत नाही आणि अस्तर पातळ ठेवतं, म्हणून पडायला काही उरत नाही. पाळीचं रक्त घाण असतं हेही खरं नाही. शिरेतलं रक्त, अस्तराचे तुकडे आणि थोडा स्राव, बस. इंजेक्शन थांबवल्यावर पाळी आणि गर्भधारणा रुळावर यायला सात ते दहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. लगेच तिसरं मूल हवं असेल तर हे आधी लक्षात घ्या. इंजेक्शन वेळेवर घेतलं नसेल आणि पाळी नसेल, तर आशाताईंकडून टेस्टचं किट घ्या, ते फुकट मिळतं.

प्रश्न : वय 47, कराडला असते. पाच महिने पाळी नव्हती, मग आली ती पंधरा दिवस अंगावरून जात होतं. ओळखीतल्या बाई म्हणाल्या, एकदाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. काय करू?

उत्तर : ताई, पिशवी काढण्याआधी ती असं का वागतेय ते बघू. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय 46–47च्या आसपास आहे. जाण्याआधीची दोन-चार वर्षं ती अशीच वागते, कारण बीज कधी सुटतं, कधी नाही. पण पंधरा दिवसांचा रक्तस्राव ‘वयामुळे’ म्हणून सोडायचा नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी करा, आणि तुमच्या वयात अस्तराचा तुकडा तपासायला घेणंही आवश्यक आहे. दवाखान्यातल्या दवाखान्यात होणारी तपासणी आहे. ती साधी निघाली तर गोळ्या आहेत, हॉर्मोन असलेली तांबी आहे. शस्त्रक्रियेचा नंबर बहुतेकींच्या बाबतीत फार मागे येतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तिशी-पस्तिशीत काढल्या गेल्याचा बोभाटा होऊन, 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली होती. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच नको, अशी ती वेळ. तुमच्यावर तशी वेळ नाही, मग घाई कशाची? पिशवीसोबत बीजकोशही काढले तर अंगाच्या वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं टप्प्याटप्प्याने न येता एकदम अंगावर येतं.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं समजायचं. तोवर दिवस राहू शकतात, या पाच महिन्यांतही राहू शकले असते. आणि बारा महिन्यांनंतर नुसता डाग दिसला तरी त्या आठवड्यात डॉक्टर.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, पंधरा पूर्ण झाली. अंगाने भरली आहे, पण न्हाण आलेलं नाही. दर महिन्याला तीन-चार दिवस पोट दुखतं म्हणते. दहावीची परीक्षा झाल्यावर दाखवलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर एरवीही तपासणी करायचीच. तेराव्या वर्षापर्यंत छाती भरायला लागली नसेल तर त्याहून आधी करायची. कधी गुणसूत्रांचा दोष असतो, कधी जन्मतः गर्भाशयच तयार झालेलं नसतं, कधी आईलाच उशिरा आलेलं असतं आणि लेक तिच्या वळणावर जाते. पण महिन्याच्या महिन्याला दुखतं, हे तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. तिला पाळी येत असावी, फक्त बाहेर पडायला वाट नसावी. योनिमार्गाच्या तोंडाशी असलेला पडदा काही मुलींत जन्मतः पूर्ण बंद असतो, रक्त आतच साठत जातं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतं. पडदाच असेल तर भूल देऊन करायचं छोटं ऑपरेशन आहे, मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते. उशीर केला तर रक्त मागे गर्भाशयात, नळ्यांत चढतं, लघवी अडते.

‘लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर’ ही काळजी अशा वेळी बऱ्याच आयांच्या मनात असते, म्हणून न विचारताच सांगते : काय केलं आणि का केलं, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं, तो जपून ठेवा. बोर्डाच्या परीक्षेच्या मध्यावर लघवी तुंबून तिला रुग्णालयात न्यावं लागण्यापेक्षा या शनिवारी सोनोग्राफी करून घ्या. जाताना तिला आधी नीट सांगा, की कपडे न काढता, पोटावर जेल लावून ती करतात.